सालामांकाच्या पुलावरची टकटक

अहो,

आज भिंत वाजली नाही. महिनाभर रोज दुपारी अडीचला वाजायची. दोनदा, दाराच्या डाव्या अंगाला, बोटाच्या पेराने वाजवावी तशी. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर सायकल लावून तुम्ही वाजवायचात अगदी तशीच. कालपर्यंत मी प्रत्येक वेळी उठून दार उघडत होते. बाहेर समोरच्यांची स्कूटर, तुमची सायकल आणि तिच्या सीटवर झोपलेलं मांजर. ते डोळे किलकिले करून असं पाहायचं की मीच नको तेव्हा आले. मग लगेच दार लावायची लाज वाटायची, म्हणून थोडा वेळ ते उघडंच ठेवायची.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. तीस वर्षं भूगोल शिकवलाय मी. ग्रहणात खाऊ नये म्हणणाऱ्या तुमच्या बहिणीला भर ग्रहणात भजी तळून वाढली होती. पण कानाला विश्वास-अविश्वास काही कळत नाही. त्याला ओळखीचा आवाज आला की तो उठतो, आणि त्याच्यामागे आपल्यालाही उठावं लागतं.

तुमचं सगळं आयुष्यच वाजवण्यात गेलं. भिलाईच्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनमधले, कोळशाच्या भट्ट्यांचे तुम्ही वीटमिस्त्री. भट्टी थंड झाली की आत शिरायचं, लाकडी हातोडीने एकेक वीट वाजवायची आणि कान द्यायचा. पक्की वीट ठणकन बोलते. आतून सुटलेली बद्द वाजते. बद्द वाजली की खिशातला गेरूचा खडा काढून तिच्यावर एक तिरपी लाल रेघ. म्हणजे ही वीट पुढच्या फेरीला टिकणार नाही, काढून टाका. मला हे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं. माझ्या माहेरची सगळी भांडी तुम्ही ओळीने मांडून वाजवलीत आणि म्हणालात, "हे कळशी गळन." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कळशी गळली. मग आणखी दोन दिवस बोलले नाही.

टरबूज वाजवून घ्यायचात, नारळ वाजवून घ्यायचात, लेकीला, पल्लवीला खोकला झाला की तिची पाठ वाजवायचात. आणि घरी आलात की दार न वाजवता भिंत वाजवायचात. मी एकदा चिडून विचारलं होतं, "घंटी कावून नाही वाजवत? दार कावून नाही वाजवत?" तर म्हणालात, "दार लाकडाचं. हवा पाहून बोलते ते. भित खरं बोलते." या उत्तरावर मी डोक्याला हात लावला होता. आता तेच वाक्य मला सोडत नाही.

सालामांकाला जायचं तुम्हीच काढलंत. आपली एकुलती एक लेक स्पेनमधल्या त्या जुन्या विद्यापीठाच्या गावात दगडांवर डॉक्टरेट करायला गेली तेव्हा भिलाईत पावर हाउसच्या बाजारात भेटेल तो विचारायचा, "दगडांवर? दगडांत काय शिकायचं?" तुम्ही छाती काढून सांगायचात, "मी विटा, ते दगड. घरचाच धंदा आहे आमचा." पण जायचं म्हटलं की कधी गुडघा, कधी थंडी, कधी तिकडचं जेवण. पल्लवी चार वर्षं बोलावून थकली. आणि यंदा संक्रांत झाल्यावर एका सकाळी तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि म्हणालात, "चाल, पोट्टीचं गाव पाहून येऊ."

"आता एकदम कावून?" मी विचारलं.

"दगड पाह्यचे आहेत तिचे."

मी इतकी खूश झाले की पुढे काही विचारलंच नाही. इबेरियाचं पठार मी फळ्यावर किती वेळा काढलं असेल आणि दर वेळी माझी रेघ पोर्तुगालपाशी चुकायची. आता तिथे स्वतः उभी राहणार म्हणून मी शेजारणींना नकाशे दाखवत फिरले. आता मात्र एकच विचार येतो. त्या सकाळी, चहाच्या आधी, तुम्ही काय वाजवून पाहिलं होतं? तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं? चाळीस वर्षांत तुम्हाला हजार प्रश्न विचारले, भाजी कोणती आणू इथपासून. हा एक राहिला.

सालामांका उन्हात पोळीच्या रंगाचं दिसतं. सगळं गाव त्या एकाच दगडाचं. पल्लवीने सांगितलं की खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि हवेत राहून राहून घट्ट होत जातो. तुम्ही भिंतीवरून हात फिरवत म्हणालात, "उलटंच आहे बाप्पा. आपली वीट आगीत पक्की होते, हे हवेत." मनोऱ्यांवर करकोच्यांची घरटी होती, ती चोचींनी टकटक टकटक करत होती. तुम्ही मान वर करून ऐकत राहिलात आणि म्हणालात, "हे पण वाजवूनच पाहून राहिले." पल्लवी किती हसली होती.

आणि मग तो घोटाळा. विद्यापीठाच्या जुन्या इमारतीपाशी पोहोचलो आणि तुम्ही एकदम थांबलात. भिंतीवर लाल अक्षरं. समोरच्या भिंतीवर लाल अक्षरं. गल्लीत वळलो तर तिथेही. तुमचा चेहराच उतरला.

"हे सगळं पाडून राहिले काय?"

तुम्ही भिंतीपाशी गेलात, पेराने वाजवलीत, कान लावलात. पुढचा दगड. त्याच्या पुढचा. मग रागाने वळून म्हणालात, "आवाज तं ठणठणीत आहे. मंग लाल कावून मारलं? कोण्या गधड्यानं मारलं?" एक पहारेकरी लगबगीने आला. तुम्ही त्याला आपल्या भिलाईच्या हिंदीत समजावायला लागलात, "साहेब, पक्का है ये. इसको कुछ नहीं होता. किसने बोला तोड़ने को?" तो बिचारा हात जोडल्यासारखं काहीतरी करत होता आणि पल्लवी पायरीवर बसून पोट धरून हसत होती.

हसू ओसरल्यावर तिने सांगितलं. पूर्वी इथे जो डॉक्टर व्हायचा त्याचं नाव असं लाल रंगात भिंतीवर लिहायचे. रंगात म्हणे बैलाचं रक्त मिसळायचे. "बाबा, ये गिराने का निशान नहीं है. पास झाल्याची खूण आहे ही."

तुम्ही एका लाल अक्षरावरून बोट फिरवलंत. मग म्हणालात, "आपल्या इथं लाल मारलं का माणूस दुसऱ्या दिवशी वीट काढते." पल्लवीने विचारलं तशी तुम्ही तिला खिशातल्या पेनाने तळहातावर रेघ काढून दाखवलीत, डावीकडून उजवीकडे वर चढणारी, तिरपी. ती हे कधी बारकाईने शिकली नव्हती. तुमचा धंदा तिने त्या दिवशी, त्या भिंतीखाली शिकून घेतला. मग तुम्ही म्हणालात, "तुझं नाव कोठं लिहितीन?" ती म्हणाली, "अब सबका नहीं लिखते बाबा." तुम्ही ऐकलंच नाही. भिंत वाजवत वाजवत एक दगड निवडलात आणि तिला सांगितलंत, "इथं लिहा म्हणा. हा कधी दगा नाही देणार."

विटेची गोष्टही सांगूनच टाकते. तुमच्या जुन्या भट्टीतल्या विटेचा एक तुकडा तुम्ही पल्लवीच्या मॅडमना भेट म्हणून घेतला होतात. मी म्हटलं होतं, लोक मिठाई नेतात, तुम्ही वीट काय नेता! दिल्लीच्या विमानतळावर तो हातातल्या पिशवीतून निघाला आणि तिथल्या साहेबाने विचारलं, "ये क्या है?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "ईंट है. बेटी की मास्टरनी को देना है." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण त्या पांढऱ्या केसांच्या मॅडमच्या टेबलावर तुम्ही तो ठेवलात आणि वाजवलात, तेव्हा त्या चक्क वाकल्या आणि कान लावला. मग कपाटातून त्यांनी त्यांचा एक दगड काढला, शेजारी ठेवला, वाजवला. पाव तास तुम्ही दोघं वाजवत बसला होतात. तुम्हाला स्पॅनिश येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हतं, आणि बोलणं समजावून सांगायला मधे बसलेली आपली लेक रिकामी बसली होती. तेव्हा मला तुमचा इतका अभिमान वाटला होता की मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. तुम्हाला तो सांगितला नाही. घरी येताना उलट म्हटलं, "शर्टाची बटणं तरी नीट लावायची." आज सांगते.

विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर दगडात कोरलेला एक बेडूक आहे, ज्याला तो आपला आपण सापडेल तो परीक्षेत पास होतो असं तिथली मुलं मानतात. मी अर्धा तास मान मोडून शोधला आणि लेकीच्या नावाने हुडकून काढला. नाचलेच मी. तुम्ही चष्मा सारखा करून पाहिलंत आणि हळूच म्हणालात, "बेडूक पाह्यला तू. बसला कायच्यावर ते नाही पाह्यलं." मी पाहिलं. तो एका कवटीवर बसला होता. आता डोळे मिटले की बेडूक दिसत नाही, कवटी तेवढी दिसते.

पुलाचं सांगायचं आहे. टाळत आले होते.

पाचवा दिवस. जेवणानंतरची वेळ, सगळी दुकानं बंद, गाव झोपलेलं. पल्लवी तिच्या व्हायवाच्या, म्हणजे डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेच्या कागदपत्रांसाठी विद्यापीठात गेली होती. आपण दोघं रोमन लोकांनी बांधलेल्या त्या जुन्या पुलावर फिरायला गेलो. पुलाच्या तोंडाशी दगडाचा बैल आहे, डोकं नसलेला. तुम्ही त्याच्याभोवती एक फेरी मारलीत आणि म्हणालात, "शिंगंच नाहीत. पोळ्याले बेगड कोठं लावत असतीन हे?" मी हसले. मजेत होतो आपण. नदीत लव्हाळी होती, पलीकडून वारा येत होता. मला आठवतं, मी तुम्हाला सांगत होते की ही नदी पुढे कोणत्या नदीला मिळते. तुम्ही हूं हूं करत होता. आणि मग हूं थांबलं.

वळून पाहिलं तर तुम्ही डावीकडच्या कठड्याला पाठ लावून खाली बसला होता.

"काय झालं?"

"काही नाही. दोन मिनिटं बसू दे."

तुमच्या कपाळावर घाम होता आणि वारा तर गार होता. तुम्ही शेजारचा कठड्याचा दगड वाजवलात. टक, टक. त्याचा आवाज छान भरीव आला. मग तेच बोट तुम्ही स्वतःच्या छातीवर, मधल्या हाडावर वाजवलंत. टक, टक. आणि माझ्याकडे पाहून म्हणालात, "ऐकलं? बद्द वाजून राहिलं."

मी हसले.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मी हसले. म्हटलं, "एवढं जेवल्यावर कोणाचंही बद्द वाजीन." तुम्हीही हसलात. मग तुम्ही शर्टाचं वरचं बटण सोडायला लागलात आणि ते तुम्हाला सुटेना. मी फोन काढला, पल्लवीला लावत होते, तर तुम्ही मनगट धरलंत. त्या हाताची पकड अजूनही वीटमिस्त्र्याचीच होती.

"तिले नको सांगू."

"वेडे झाले काय? दवाखान्यात जाऊ."

"व्हायवा होईस्तवर नाही. ते सगळं टाकून आपल्यामागं भिलाईले येईन आणि चार वर्षं पाण्यात. तुले पोट्टीची शपथ."

वर्गात कुणी शपथ घातली तर मी त्याला बाकावर उभं करायची. त्या पुलावर भर दुपारी तुमच्याशी भांडले, रडले, आणि शेवटी मान डोलावली. तुम्ही वीसेक मिनिटं तिथे बसून होता. त्या जागेवरून मोठ्या चर्चचा मनोरा आणि छोटा घुमट एकमेकांना चिकटलेले दिसतात. कठड्याच्या दगडावर पिवळ्या बुरशीचा एक डाग आहे, वाटीएवढा. ते सगळं मी पाठ केल्यासारखं पाहत बसले, कारण तुमच्याकडे पाहवत नव्हतं. मग तुम्ही उठलात, कपडे झटकलेत आणि त्या दिवशी पल्लवीबरोबर दोन दोन आइस्क्रीम खाल्लेत. मी तुम्हाला पाहत होते आणि ती माझ्याकडे पाहत होती.

भिलाईला परत आल्यावर तिसऱ्या दिवशी बैठकीतल्या दिवाणामागच्या भिंतीवर मला ती दिसली. तिरपी लाल रेघ. तुम्ही टेकून पेपर वाचता तिथेच, तुमच्या पाठीच्या उंचीला. मला राग आला. ओलं फडकं घेऊन पुसली तर भिंत गुलाबी झाली.

"भित खराब कावून केली? ओल आली काय?"

"राहू दे."

"गवंड्याले बोलावू काय?"

"गवंडी मीच आहे ना."

मग मीच बोटाने वाजवून पाहिली. चाळीस वर्षं तुमच्याबरोबर राहून तेवढं तर कळतं मला. म्हटलं, "आवाज तं पक्का आहे."

"भितीचा पक्काच आहे," तुम्ही म्हणालात आणि पेपरचं पान उलटलंत.

चाळीस पोरांना भरती-ओहोटी समजावून सांगणारी बाई मी. आणि हे मला समजलं नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी पुसलेल्या जागी पुन्हा रेघ ओढलीत, तरी समजलं नाही.

रोज सकाळी आपलं एकच भांडण. मी म्हणायची, "दुर्गच्या डॉक्टरले दाखवू." तुम्ही म्हणायचात, "व्हायवा झाला का जाऊ." मी म्हणायची की व्हायवा तिचा आहे, छाती तुमची आहे. तुम्ही आवाज चढवायचात, मी भांडी आपटायची. सहा आठवडे हे चाललं. मी तुम्हाला ओढत न्यायला हवं होतं. शेजाऱ्यांना बोलावून, चारचौघांत लाज काढून न्यायला हवं होतं. मी फक्त भांडले. भांडणात मी कायम तुम्हाला जिंकू दिलं असं तुम्ही म्हणायचात ना, ते हे भांडण नको होतं.

त्या दिवशीही तेच झालं. माझं डोकं इतकं तापलं की दुपारी तुम्हाला वाढलं, पण बोलले नाही. तुम्ही म्हणालात, "वरण मस्त झालं आज." मी उत्तर दिलं नाही. तुम्ही ताट उचललंत, स्वतः मोरीत नेऊन ठेवलंत, माझा राग काढायला. तरी बोलले नाही. भांडी घासून हात पुसत बैठकीत आले तेव्हा दोन वाजून गेले होते, अडीच व्हायचे होते. तुम्ही दिवाणावर त्या लाल खुणेला पाठ लावून बसला होता आणि पेपर मांडीवरून खाली घसरला होता. मी आधी पेपरच उचलला.

वरण खरंच मस्त झालं होतं. मी नंतर खाऊन पाहिलं. आपल्या घरात लोक गोळा होत होते आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून ते गार वरण चमच्याने खाल्लं.

पल्लवी दुसऱ्या दिवशी आली. ती येईपर्यंत आम्ही तुम्हाला ठेवलं. सगळं आटोपल्यावर तिने मला स्वयंपाकघरात गाठलं, माझे दोन्ही दंड धरले. "आई, सच सच बता. तिथं असताना बाबाले काही झालं होतं का?"

तिची शपथ होती. आणि व्हायवाला अठ्ठावीस दिवस होते. मी तिच्या डोळ्यात पाहून म्हटलं, "नाही. मस्त होते. बैलाची मस्करी करून राहिले होते." आपल्या लेकीशी मी कधी खोटं बोलले नव्हते. अभ्यासाच्या निकालाचं नाही, आजीच्या आजारपणाचं नाही. तुमच्यासाठी बोलले. ती व्हायवा पुढे ढकलते म्हणत होती, तिला तेरवी झाल्याबरोबर मी जवळजवळ ढकलूनच विमानात बसवलं. ती म्हणाली, "तू इतकी कठोर कधीपासून झालीस?" तेही ऐकून घेतलं.

तेरवीआधी तुमच्या धाकट्या भावाने बैठकीला चुना मारून घेतला होता. लोकांच्या गर्दीत दिवाणामागची खूण पल्लवीच्या नजरेस पडली नव्हती, आणि ती विमानात बसल्यावर पाचव्या दिवशी चुन्यातून ती खूण वर आली. आधी फिकी, मग रोज थोडी गडद. तुमची बहीण घाबरली. "वयनी, हे काही बरं नाही. कोणाले तरी दाखवा." मी म्हटलं, चुन्याखालचा गेरू वर येतोच, त्यात दाखवायचं काय? पण त्यानंतर मी तिकडे पाठ करून बसू शकले नाही आणि तोंड करूनही बसू शकले नाही. आणि अशाच एका दुपारी, भिंत वाजून गेल्यावर, दार लावून मागे वळले आणि मला समजलं. भिंत पक्की होती. खूण भिंतीला नव्हती. भट्टीत एकेका विटेवर ओढायचात तशी तुम्ही ती स्वतःवर ओढली होती आणि कोणी वाचू नये म्हणून पाठीमागे ठेवली होती. आणि मी ओलं फडकं घेऊन पुसली. कणभर अक्कल असती तर पुसण्याऐवजी विचारलं असतं.

काल पल्लवीचा व्हायवा झाला. सगळ्यांत वरच्या श्रेणीत पास झाली ती. मॅडमच्या टेबलावर तुमची वीट होती म्हणे. फोनवर ती हसत होती, रडत होती, "बाबा असते तर" म्हणत होती. मी अभिनंदन म्हटलं आणि थकल्याचं सांगून फोन ठेवला. शपथ सुटली होती, तरी तोंड उघडेना. खोटं बोलणं सोपं होतं हो, एका शब्दाचं होतं.

आज दीड वाजता तिने व्हिडिओ कॉल केला. मी दिवाणावर बसले होते, तुमच्या जागेवर. मुद्दाम बसले का ते मलाही सांगता यायचं नाही. महिनाभरात पहिल्यांदाच बसले एवढं खरं. ती सर्टिफिकेट कधी मिळेल ते सांगत होती आणि मधेच थांबली.

"आई, जरा सरक. तेरे पीछे क्या है?"

मी सरकले.

तुमच्या लेकीला एक क्षणही लागला नाही. मला सहा आठवडे आणि एक मरण लागलं. तिने फक्त विचारलं, "कधी?" आणि मग मी सगळं सांगितलं. पूल, घाम, तुमचं छातीवर वाजवणं, माझं हसणं. हसणंही सांगितलं. शपथ, रोजची भांडणं, वरण, न दिलेलं उत्तर. तिने फोन कशाला तरी टेकवून उभा ठेवला. शेवटी म्हणाली, "मैंने पूछा था तुझे. किचनमध्ये."

"होय."

"सच सच बता म्हटलं होतं."

"होय."

"तू मले म्हणाली, मस्त होते."

मी पुन्हा होय म्हणायच्या आत तिने फोन ठेवला.

काय सांगू तुम्हाला, मला वाटलं आता तीही गेली. तुमच्यावर इतका संताप आला की वाटलं, हातोडी घेऊन ती भिंतच फोडावी. लेकीची चार वर्षं वाचवलीत तुम्ही, बरं केलंत. पण तिला तुमच्याजवळ बसायचे सहा आठवडे मिळाले असते, ते तुम्ही आणि मी मिळून खाल्ले. तुम्ही सुटलात. तिच्यासमोर उभं राहायला मी उरले. मी तिथेच बसून राहिले, तुमच्या खुणेला पाठ लावून.

फोन पुन्हा वाजला. आधी नुसता वारा ऐकू आला, मग तिचा चेहरा दिसला, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. मागे तो बिनडोक्याचा बैल होता.

"कुठे?" तिने विचारलं. "नेमकं कुठे बसले होते?"

मी म्हटलं, "पुढे चाल. डाव्या हाताच्या कठड्यानं." ती चालत होती, फोन हलत होता, नदी वरखाली होत होती. "अजून पुढे. मोठा मनोरा आणि छोटा घुमट चिकटलेले दिसतात का?" "नहीं." "मग अजून." मी तीस वर्षं पोरांना नकाशात गावं शोधायला लावली, पण एवढं जीव मुठीत धरून कधी कोणाला वाट दाखवली नव्हती. "आता दिसतात," ती म्हणाली. "तिथंच कठड्यावर बुरशीचा डाग पाह्य. पिवळा. वाटीएवढा."

"मिळाला."

ती खाली बसली. तुम्ही बसला होता तशीच, कठड्याला पाठ लावून, पाय लांब करून. तिने मला माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही. बराच वेळ फोनमध्ये फक्त आभाळ होतं आणि लांब कुठेतरी करकोचे वाजत होते. मग तिचा हात पुढे आला. बोट वाकवून तिने तो दगड वाजवला.

टक, टक.

"आवाज पक्का आहे, आई."

मी मागे हात नेला आणि आपली भिंत वाजवली, खुणेच्या अगदी शेजारी. दोनदा.

"ती पण," ती म्हणाली.

घड्याळात अडीच वाजून गेले होते आणि दाराशेजारची भिंत वाजली नव्हती. मी दार उघडायला उठले नाही.